काढा, चूर्ण, अरिष्ट की कॅप्सूल? एकाच वनस्पतीच्या रूपांमधून निवड करताना

आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात अश्वगंधा मागितली की समोरून प्रश्न येतो: चूर्ण देऊ, अरिष्ट (आंबवलेलं पातळ औषध) देऊ की कॅप्सूल? बहुतेक जण किंमत बघतात, नाहीतर घ्यायला सोपं ते उचलतात. पण फरक फक्त वेष्टणाचा नाही. मूळ एकच असलं तरी या तिन्हींतून पोटात जाणारे घटक वेगळे, मात्रा वेगळी आणि जोखीमही वेगळी. त्यामुळे ‘अश्वगंधा चांगली का हो?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. कोणत्या रूपातली, किती आणि कोणासाठी, हे आधी ठरायला हवं.

जाहिराती नेमक्या इथेच घोळ घालतात. डबीवर ‘हजारो वर्षांची परंपरा’ आणि ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ अशी दोन्ही वाक्यं शेजारी छापलेली असतात. परंपरा असते ती चूर्णाची किंवा काढ्याची. प्रयोग झालेला असतो तो एखाद्या विशिष्ट अर्कावर. डबीत तिसरंच काहीतरी असू शकतं.

पाण्यात काय उतरतं आणि काय नाही

वनस्पतीतून औषध काढायच्या पाच पद्धती चरकसंहितेत सांगितल्या आहेत. स्वरस म्हणजे ताज्या पाल्याचा पिळलेला रस, कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा, क्वाथ म्हणजे आपला काढा, हिम म्हणजे रात्रभर गार पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी, आणि फांट म्हणजे कढत पाणी ओतून, झाकून ठेवून मग गाळलेलं. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने मापंही दिली आहेत. काढ्याला १६ पट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, हिमाला सहापट पाणी.

ही विभागणी उगाच केलेली नाही. साल आणि मुळं टणक असतात, ती उकळल्याशिवाय काही सोडत नाहीत. उलट तुळस, पुदिना, ओवा यांचा गुण मुख्यतः उडनशील तेलात असतो. उघड्या पातेल्यात अर्धा तास उकळलं की घरभर वास सुटतो आणि भांड्यात कडवट पाणी उरतं. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या क्वाथात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि काळी मिरी १ असं प्रमाण होतं. ३ ग्रॅम पूड १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात घालून, चहासारखी दिवसातून एकदा-दोनदा घ्या, एवढंच सांगितलं होतं. आपल्याकडे त्याचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. मुठीने मसाले, तासभर उकळी आणि दिवसातून चार-चार पेले, मग पोटात आग पडली म्हणून तक्रार.

हळद: इथे रूप बदललं की औषधच बदलतं

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हा मुख्य घटक साधारण ३ टक्के, फार तर ५. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हळदीच्या पाण्याचा कितीही गवगवा झाला तरी त्यातून कर्क्युमिन फारसं मिळत नाही. दूध थोडं बरं, कारण त्यात स्निग्धांश असतो. फोडणीतल्या तेलात पडणारी हळद तर त्याहून सोयीची.

आता हिशोब करा. लहान चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन. ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ (कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद) लिहिलेल्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीत १५ ग्रॅमहून जास्त हळद झाली. त्यात अनेकदा मिरीतलं पाइपरिन घातलेलं असतं. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पाइपरिन दिलं तर माणसाच्या शरीरात त्याचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. विक्रेत्यांना हा आकडा फार प्रिय. पण शोषण इतकं वाढलं की यकृताला त्रास होण्याची शक्यताही वाढू शकते, हे डबीवर लिहिलेलं नसतं. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाच्या घटना पुढे आल्या. अमेरिकेत २०२२ मध्ये अशाच १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. तपासलेल्या काही गोळ्यांत पाइपरिनही सापडलं. घेणाऱ्यांच्या संख्येपुढे हे रुग्ण थोडे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. तरीही ‘स्वयंपाकघरातलीच तर वस्तू आहे’ हा युक्तिवाद कॅप्सूलला लावता येत नाही.

हळदीच्या पेटंटची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ती लढाई जुन्या लेखी दाखल्यांच्या बळावर जिंकली गेली. ते दाखले जखमेवर दाबलेल्या हळदीचे होते, हे मात्र विसरू नये. गुडघेदुखीसाठी रोज १ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्याला त्यांचा आधार नाही. त्याला आधार आहे तो अलीकडच्या चाचण्यांचा, आणि त्यांतून दिसणारा फायदा मध्यम स्वरूपाचा आहे.

माझं मत स्पष्ट आहे. निरोगी माणसाने हळद जेवणातूनच घ्यावी. संधिवातासाठी कॅप्सूल घ्यायचीच असेल तर ठरावीक मुदतीसाठी, डॉक्टरांना सांगून, आणि शक्यतो पाइपरिन नसलेली. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही नको. पूड घेताना भडक पिवळ्या रंगाला भुलू नका. रंगासाठी शिसंयुक्त लेड क्रोमेट मिसळल्याचं बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर आढळलं होतं. सांगलीची किंवा वायगावची हळकुंडं आणून दळून घेणं हा महाराष्ट्रात तरी सहज जमणारा पर्याय आहे.

अश्वगंधा: इथे अर्काच्या बाजूने बोलण्यासारखं आहे

परंपरेतली मात्रा म्हणजे मुळाचं ३ ते ६ ग्रॅम चूर्ण दुधाबरोबर. चव आणि वास दोन्ही असे की महिनाभर नेमाने घेणारा विरळाच. झोप आणि ताणासाठी ज्या चाचण्या झाल्या, त्या मात्र बहुतेक प्रमाणित अर्कावर, म्हणजे मुख्य घटकाची टक्केवारी ठरवून दिलेल्या अर्कावर झाल्या. २०१२ मधल्या बहुचर्चित चाचणीत ६४ जण होते. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस. प्रश्नावलीतले ताणाचे गुण आणि रक्तातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक, दोन्ही उतरले. चाचणी लहान होती आणि मुदत थोडी, पण निदान काय दिलं आणि किती दिलं हे तरी माहीत आहे. तोच परिणाम चूर्णाने मिळेलच असं कोणी सांगू शकत नाही.

म्हणून ताणासाठी घेणार असाल तर प्रमाणित अर्क निवडण्यात तथ्य आहे, फक्त डबीवर ‘मूळ’ हा शब्द शोधा. पानं स्वस्त पडतात आणि त्यांत विथाफेरिन-ए हा विथानोलाइड जास्त असतो. नुसती विथानोलाइड्सची, म्हणजे अश्वगंधेतल्या मुख्य घटकांची टक्केवारी वाढवायची तर पानं मिसळली की काम झालं. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच पानांचा वापर टाळायला उत्पादकांना सांगितलं होतं.

अश्वगंधारिष्ट हे पुन्हा वेगळं प्रकरण. त्यात अश्वगंधेशिवाय इतर बरीच द्रव्यं असतात आणि धायटीच्या फुलांनी आंबवल्यामुळे आपोआप तयार झालेलं अल्कोहोल, बहुधा ५ ते १० टक्के. गूळ किंवा मधही आलाच. भूक मंदावलेल्या, खंगलेल्या माणसाला वैद्य ते देतात, त्यामागे अनुभव आहे. पण मधुमेही, यकृताचे रुग्ण, दारू सोडलेला माणूस आणि लहान मुलं यांच्यासाठी बाटली उचलण्याआधी दोनदा विचार करावा. टिकण्याच्या बाबतीत मात्र अरिष्टाला तोड नाही. चूर्णाचं वीर्य दोन महिन्यांत उतरतं, आसव (अरिष्टासारखंच आंबवलेलं औषध) मात्र जितकं जुनं तितकं चांगलं, असं शार्ङ्गधर म्हणतो. डबीवरची मुदत काहीही असो, चूर्णाचा वास गेला की ते टाकून द्यावं.

गरोदरपणी कोणतंच रूप नको. थायरॉइडची गोळी किंवा झोपेची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर सरळ बंदीच घातली. मला ती जरा जास्त वाटते, पण तिकडे असलेल्या मुलांना डबे पाठवणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

गुळवेल: आधी ओळख, मग रूप

गुळवेलीच्या बाबतीत पहिला प्रश्न काढा की वटी (गोळी) हा नाहीच. वेल तीच आहे का, हा आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, त्यावर बराच वाद झाला. मंत्रालयाचं म्हणणं होतं की टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला जवळची दुसरी वेल चुकून वापरली जाते. नंतर देशातल्या इतर रुग्णालयांमधूनही असे रुग्ण नोंदवले गेले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीपासूनच स्वप्रतिकारी आजाराची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याची) प्रवृत्ती असल्याचं दिसलं. वाद मिटलेला नाही. तोवर संधिवात, थायरॉइड किंवा यकृताचा स्वप्रतिकारी आजार असलेल्यांनी गुळवेलीपासून लांब राहावं, हे दोन्ही बाजू ऐकल्यावर मला पटतं.

बाकीच्यांनी घ्यायचीच तर ओळखीच्या झाडावरच्या ताज्या खोडाचा काढा, थोडे दिवस. संशमनी वटी हा काढाच आटवून घट्ट केलेला घन असतो, म्हणून प्रवासात सोयीची. गुळवेल सत्त्वाला मात्र लोक सर्वांत तीव्र रूप समजतात. प्रत्यक्षात खोड कुस्करून पाण्यात कालवलं की तळाशी बसणारा तो पांढरा साका आहे, म्हणजे मुख्यतः स्टार्च. उष्णतेच्या तक्रारींवर वैद्य ते सौम्य म्हणूनच देतात. काढ्याऐवजी सत्त्व घेतलं म्हणजे दसपट औषध घेतलं, असं अजिबात नाही.

खोकला आणि बद्धकोष्ठ

अडुळशाबद्दल थोडक्यात. पानांतल्या व्हॅसिसीन या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आणि त्याचाच पुढचा अवतार अँब्रोक्सॉल. त्यामुळे परसातल्या पानांचा रस आणि केमिस्टकडचं सिरप एकाच घराण्यातले. मोठ्या माणसाला दोन-चार दिवस पानांचा रस मधातून चालतो. सिरपमध्ये साखर किती आहे ते बघा. गरोदर बाईला अडुळसा कोणत्याच रूपात देऊ नये, व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचित करतं. अशा काढ्यांत घातलेलं ज्येष्ठमध रक्तदाबाच्या रुग्णाला त्रासाचं. रोज घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि दाब चढतो.

सोनामुखीच्या बाबतीत मात्र गोळी निर्विवाद बरी. पानांत सेनोसाइड्स हे रेचक घटक कमी-जास्त असतात, मूठभर पानांचा काढा एखाद्या दिवशी काहीच करत नाही आणि दुसऱ्या दिवशी मुरड्याने बेजार करतो. गोळीत मात्रा मोजलेली असते. दोन्ही रोजच्या सवयीच्या नाहीत. रोजचाच त्रास असेल तर इसबगोल आणि पाणी.

अर्क पुढे गेला की काय होतं: सर्पगंधा

१९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष त्या मुळाकडे गेलं. १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. एकच घटक हाती आल्याने मात्रा नेमकी झाली, आणि त्याबरोबर दुष्परिणामही नेमके कळले. नैराश्य हा त्यातला एक, आणि औषध हळूहळू मागे पडलं. मूळ सौम्य आणि रेसर्पिन घातक, असा सोपा अर्थ यातून काढू नये. मुळातही रेसर्पिन असतंच, फक्त किती आहे ते कळत नाही. सर्पगंधा घरी वापरायची वस्तू नव्हे.

डबी हातात घेतल्यावर

‘१०:१’ लिहिलं असेल तर १० किलो कच्च्या मालातून १ किलो अर्क, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल ५ ग्रॅम वनस्पतीइतकी. पण हा आकडा वजनाचा आहे, गुणाचा नव्हे. पाण्याने काढलेला १०:१ आणि अल्कोहोलने काढलेला १०:१ यांत घटक वेगळे उतरतात. मुख्य घटकाची टक्केवारी, वनस्पतीचा भाग आणि शास्त्रीय नाव या तीन गोष्टी नसतील तर मी ती डबी परत ठेवतो. परवानाही बघा. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याची कॅप्सूल आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक असलेली पूरक आहाराची कॅप्सूल शेजारी मांडलेल्या असतात, दिसतात सारख्या, पण दोघींना लागू होणारे नियम वेगळे.

खर्चात चूर्ण सर्वांत स्वस्त, प्रमाणित अर्क सर्वांत महाग, आणि महागातला मोठा वाटा बहुधा जाहिरातीचा. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसू लागली, लघवी गडद झाली, खाज सुटली तर सगळं तिथेच थांबवून यकृताची तपासणी करून घ्या. डॉक्टर ‘काही औषधं घेता का?’ विचारतात तेव्हा आपण काढे आणि कॅप्सूल मोजतच नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी ही यादी भूलतज्ज्ञाला द्या, आणि जमलं तर डब्या-बाटल्याच सोबत न्या.