'कोर्ट' की 'द डिसायपल'?

गेल्या आठवड्यात दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंचे दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले. 'कोर्ट' (2014) दुसऱ्यांदा, 'द डिसायपल' (2020) पहिल्यांदाच.

'कोर्ट'मध्ये कॅमेरा जागचा हलतच नाही म्हटलं तरी चालेल. खटला शाहीर नारायण कांबळेंवर आहे, त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप; पण मला धरून ठेवलं ते सरकारी वकील नूतनबाईंनी. गीतांजली कुलकर्णी कलमं अशी घडाघडा वाचतात, जणू वाणसामानाची यादी! तीच बाई कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते. तिचा राग धड येत नाही, हीच पंचाईत. आणि त्या सफाई कामगाराच्या विधवेची साक्ष. तिच्या आवाजात रडणं नाही, म्हणूनच आपण खुर्चीत चुळबुळतो.

'डिसायपल' मात्र मला उशिरा चढला. पहिला अर्धा तास मी दोनदा मोबाइल पाहिला, कबूल. शास्त्रीय गाण्यातलं मला फारसं कळत नाही. पण शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यावर संथपणे बाइक चालवतोय, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा आवाज (तो दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा), तिथे अडकलो. शरद झालेला आदित्य मोदक मुळात गायक, त्यामुळे सूर न लागल्याची खंत त्याच्या चेहऱ्यावर खरी वाटते.

व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन्ही गाजले, 'डिसायपल'ला तर पटकथेचं पारितोषिकही मिळालं. बांधणीत 'कोर्ट'च सरस. तरी पुन्हा लावीन तो 'डिसायपल', कारण तबला शिकायचा सोडून मला वीस वर्षं झाली.