जुलाबावर काय घ्यावं: लोपेरामाइड की रेसकॅडोट्रिल?

पावसाळा लागला की लालबाग-परळच्या मेडिकलवर "जुलाबाची गोळी द्या" हे हमखास ऐकू येतं. बहुतेकदा हातात पडतं लोपेरामाइड. ते आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवरच्या म्यू ओपिऑइड रिसेप्टरना (अफूसारखी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागांना) चिकटतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. आराम पडतो, पण जंतूही आतच रेंगाळतात. म्हणून शौचात रक्त असेल, अंगात ताप असेल किंवा मूल 2 वर्षांखालचं असेल तर ही गोळी नकोच.

रेसकॅडोट्रिल हालचालीला हात लावत नाही. आतड्यात एन्केफॅलिन नावाचा चेतासंदेश असतो. त्याला तोडणाऱ्या एन्झाइमला हे औषध रोखतं. टिकून राहिलेलं एन्केफॅलिन डेल्टा या दुसऱ्या ओपिऑइड रिसेप्टरवर काम करतं, अस्तराच्या पेशीतलं सायक्लिक एएमपी (क्षार बाहेर सोडायला सांगणारा पेशीतला निरोप) उतरतं, क्लोराइड कमी झिरपतं आणि त्यामागोमाग येणारं पाणीही. मोरी बुजवण्यापेक्षा नळ आवळलेला बरा, म्हणून पाण्यासारख्या जुलाबांत मला हेच पटतं. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

काहीही घेतलं तरी ओआरएस आधी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. कारण ओआरएसमधल्या ग्लुकोजबरोबर सोडियम, आणि त्यामागोमाग पाणी, आत ओढणारी आतड्यातली वाट बहुतेक जुलाबांतही चालू असते.