मठातला दोन नंबरचा माणूस: रामबागेतला शनिवारचा वर्ग कसा वाटला

इंदूरात मराठीतून, तेही ख्रिस्ती मठांच्या कारभारावर, पैसे भरून कोण येणार असं घरचेच म्हणत होते, पण रामबागेतला तो छोटा हॉल बऱ्यापैकी भरला होता. चार शनिवार, फी ४०० रुपये, चहा त्यातच. शिकवणारे सर इतिहासाचे रिटायर्ड प्राध्यापक आहेत आणि चारही शनिवारी विषय एकच, प्रायर, म्हणजे मठप्रमुख जो ॲबट असतो त्याच्या खालचा माणूस. मठवासीयांच्या काही संघांत, म्हणजे पंथांत, तर ॲबट नसतोच, तिथे प्रायरच मुख्य.

पहिला शनिवार सगळ्यात भारी झाला. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी जो नियम लिहिला त्याचं ६५वं प्रकरण सरांनी ओळ-ओळ वाचून समजावलं. बेनेडिक्टला प्रायर हे पद मुळात फारसं पसंतच नव्हतं! त्याचं म्हणणं असं की ज्यांनी ॲबट नेमला त्यांनीच प्रायरही नेमला तर प्रायरच्या डोक्यात जातं की मी पण ह्याच्या बरोबरीचा, मग दोघांचं पटत नाही, मठात गट पडतात आणि बाकीचे ब्रदर बिचारे इकडे नाहीतर तिकडे जाऊन बसतात. म्हणून शक्यतो मठातल्या छोट्या तुकड्यांच्या प्रमुखांकडून काम करून घ्या, आणि प्रायर लागतच असेल तर ॲबटने जाणत्या लोकांना विचारून स्वतः नेमावा. तो माजला तर चार वेळा तोंडी समज द्यायची, मग शिस्तभंगाची शिक्षा, तरी नाही ऐकलं तर पदावरून काढायचं, आणि त्यानंतरही शांत बसला नाही तर मठाबाहेर. पण मला सगळ्यात जास्त आवडली ती शेवटची ओळ, ॲबटलाही तिथे बजावलंय की तू पण देवाला जाब देणार आहेस, मत्सराने निर्णय घेऊ नकोस. दीड हजार वर्षं होत आली त्याला आणि मी आमच्या मंडळाची सेक्रेटरी होते तेव्हा हेच सगळं डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा हे प्रकरण हाताशी असतं तर खूप उपयोग झाला असता.

दुसऱ्या शनिवारी क्लूनी, फ्रान्समधला ९१० सालचा मठ, ज्याच्या हाताखालच्या ढीगभर मठांना स्वतःचे ॲबट नव्हते, प्रायर होते आणि सगळे क्लूनीच्या ॲबटला बांधलेले. हा भाग भराभर उरकला, चालतंय.

तिसरा शनिवार कार्थुसियन लोकांचा. १०८४ मध्ये संत ब्रूनोने ग्रेनोबलजवळच्या डोंगरात सुरू केलेला संघ, ॲबट नाहीच, मठातले लोक प्रायर निवडतात. आणि त्यांची जनरल चॅप्टर, म्हणजे सगळ्या संघाची सभा भरते तेव्हा प्रत्येक प्रायर विनंती करतो की माझ्यावर दया करा, मला ह्या पदातून मोकळं करा. सभेला वाटलं तर करते, नाहीतर परत कामाला लावते. हे ऐकल्यावर हॉलमध्ये सगळे एकदम गप्प झाले होते. मग डॉमिनिकन, १२१६ मध्ये पोपची मान्यता मिळालेले, आपल्याकडे नागपुरातही आहेत. त्यांचा प्रायर तीन वर्षांसाठी निवडून येतो, वरच्या प्रांतप्रमुखाची मंजुरी लागते, आणि मुदत संपली की तो परत साधा ब्रदर. काल ज्यांना आज्ञा दिली त्यांच्यातलाच एखादा आज त्याचा प्रमुख. मला विचाराल तर खुर्ची सांभाळण्यापेक्षा हे असं उतरून परत पंगतीत बसणं जास्त कठीण आहे आणि ज्या संघाने ते नियमातच घालून ठेवलं त्यांना माणसाचा स्वभाव नीट कळला होता.

आता तक्रारी. प्रिंटआउट सगळे इंग्लिशमध्ये, माझ्या शेजारच्या काकूंना काही उपयोग झाला नाही. चौथा शनिवार प्रश्नोत्तरांचा होता तो दोन-तीन जणांनीच खाऊन टाकला. आणि रामदासी मठांचा विषयच निघाला नाही ह्याचं वाईट वाटलं, समर्थांनी मिरजेचा मठ वेणास्वामींना दिला, डोमगावला कल्याणस्वामी, म्हणजे गावोगावी महंत ठेवून कारभार कसा चालवायचा हा प्रश्न आपल्याकडेही होताच, समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात ती परंपरा आहे, तुलना झाली असती तर लोक अजून मोकळे बोलले असते. मी सरांना हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

पाचपैकी चार स्टार. ट्रस्ट, सोसायटी, गणेश मंडळ, कुठेही उपाध्यक्ष किंवा कार्यवाह असाल तर पुढच्या बॅचला नक्की जा, पहिला शनिवार अजिबात चुकवू नका आणि थोडं लवकर पोचा, पंख्याखालच्या खुर्च्या लगेच भरतात.