अडवलेला रस्ता: मामलेदार कोर्ट, कलम १४३ की दिवाणी दावा?

शेजाऱ्याने जेसीबी लावून रस्त्यात चर मारली की चावडीवरचा पहिला सल्ला ठरलेला: "तहसीलला अर्ज टाक." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. तहसील कचेरीत रस्त्याचे दोन अगदी वेगळे अर्ज चालतात. चुकीचा दिला तर तारखांवर तारखा होतात आणि शेवटी 'अर्ज फेटाळण्यात येत आहे' एवढी ओळ हाती येते.

म्हणून वकिलाआधी गाव नकाशाची नक्कल काढा. भूमी अभिलेख कार्यालयात ती मिळते. गाडीमार्ग नकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. वाट नकाशावर असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर ती किती वर्षांची आणि कुठून जाते, यावर सगळं अवलंबून.

पहिला मार्ग म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५; मामलेदार म्हणजे आपला तहसीलदारच. वापरातली वाट कुणी अडवली, तर अडथळा काढायचा आणि पुन्हा अडवू नये म्हणून मनाई हुकूम द्यायचा, हा त्याचा गाभा. मालकी कुणाची, हे इथे ठरत नाही. वाट चालू होती का आणि ती अडवली का, एवढंच बघतात. त्यामुळे निकाल तुलनेने लवकर लागतो. अट एकच आणि ती जीवघेणी: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. भावकीतल्या बैठका, सरपंचांची मध्यस्थी, 'ऊस गेल्यावर बघू' यात हे सहा महिने कधी सरतात ते कळत नाही. समेट जरूर करा, पण दावा दाखल करून मग करा. अडवल्याची तारीख अर्जात स्पष्ट लिहा. 'काही दिवसांपूर्वी' असं लिहिलेला अर्ज समोरचा वकील मुदतीच्या मुद्द्यावरच उडवतो.

या प्रकरणाचा जीव स्थळ पाहणीत असतो. मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार जागेवर आले की शेजारी हमखास सांगतो, "इथे वाट कधी नव्हतीच." तेव्हा पंचनाम्यात काय लिहिलं जातं त्याकडे डोळ्यात तेल घालून बघा. गाडीच्या जुन्या चाकोऱ्या, ओढ्यावर टाकलेली सिमेंटची नळी, वाटेच्या दोन्ही अंगांना वाढलेली बाभळी-बोरी, चरीची ताजी माती, असं सगळं नोंदवायला लावा. नुसतं 'रस्ता बंद आढळला' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. लगतच्या खातेदारांचे जबाब तिथेच घ्यायला सांगा. पंच म्हणून तुमचाच चुलतभाऊ उभा केलात, तर त्या कागदाला वजन राहत नाही.

निकालावर अपील नाही. पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून निकालाची तपासणी, मात्र होतं आणि ते बहुतेक वेळा प्रांतांसमोर (उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर) चालतं. तिथे स्थगिती मिळाली की गाडी पुन्हा अडते, हे गृहीत धरा. शिवाय दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा (दाव्याचा निकाल) आला, तर शेवटी तोच चालतो.

दुसरा अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ चा. हा नवी वाट मागण्याचा अर्ज आहे, तीही बांधावरून. शेजाऱ्याच्या रानाच्या मधून वाट मागाल तर मिळणार नाही. शेतात जायला दुसरी सोय आहे का, हा इथला कळीचा प्रश्न. लांबची का होईना, पण वाट असेल तर अर्ज लंगडा होतो. सहा महिन्यांची अट इथे नाही. निकालाविरुद्ध प्रांतांकडे अपील करता येतं किंवा एक वर्षात दिवाणी दावा लावता येतो. दावा लावला की अपील-पुनरीक्षणाची दारं बंद.

एकाच अर्जात 'कलम ५ व १४३ अन्वये' लिहायची खोड फार दिसते. वाट जुनी आहे असंही म्हणायचं आणि नवी द्या असंही, हे एका श्वासात जमत नाही. समोरच्याला आयता मुद्दा मिळतो.

वाट नकाशावर नाही, ती दुसऱ्याच्या गटाच्या मधून जाते आणि सहा महिनेही उलटलेत, असं असेल तर दिवाणी कोर्टाला पर्याय नाही. तिथे १८८२ च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून ये-जा करण्यासारखा हक्क) कायद्याचा आधार मिळतो: वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने केलेली वहिवाट. पण ही वहिवाट दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांत चालू असावी लागते, म्हणजे इथेही झोपून चालत नाही. 'मालकाच्या परवानगीने जात होतो' असं उलटतपासणीत बोलून गेलात तर हक्कच पातळ होतो. जमीन मूळ एकाची असून वाटपात तुमचा तुकडा कोंडला गेला असेल, तर गरजेच्या सुविधाधिकाराला वीस वर्षं लागत नाहीत. जुन्या वाटपपत्राची किंमत तेव्हा कळते. कोर्टाचा हुकूमनामा सगळ्यांत टिकाऊ. खर्च आणि वर्षंही तितकीच लागतात. अंतरिम मनाई, म्हणजे निकालापर्यंत वाट अडवू नये असा हुकूम, मिळाली तरच पेरणी-कापणी सुखाने पार पडते, त्यामुळे माझ्या मते सगळा जोर त्या मनाईच्या अर्जावर लावावा.

वाट साऱ्या गावाची असेल तर वीस वर्षांचे पुरावे गोळा करत बसू नका. सार्वजनिक रस्ता बंद करायला महसूल अधिनियमाच्या कलम २१ ची रीतसर प्रक्रिया लागते. दोन्ही बाजूंची जमीन माझी म्हणून गेट लावलं, असं चालत नाही. गावातला रस्ता असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली पंचायतीकडे लेखी मागणी करा, ती हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारीही अडथळा काढायला सांगू शकतात. मात्र समोरच्याने 'रस्ता सार्वजनिक नाहीच' म्हणून भरवशाचा पुरावा दिला, तर दिवाणी निकालापर्यंत तिथलं काम थांबतं. पोलीस ठाण्यात तक्रार देऊन ठेवावी, पण तिथून रस्ता खुला होईल ही आशा धरू नये.

थोडक्यात माझा कल असा. सहा महिन्यांची मुदत संपलेली नसेल आणि वाट वापरातली असेल, तर डोळे झाकून कलम ५. बांधावरून जाऊन भागत असेल आणि दुसरी वाट खरंच नसेल, तर १४३. बाकीच्यांनी दिवाणीची तयारी ठेवावी. निकाल कुठूनही आला तरी तलाठ्याकडे अर्ज देऊन शेजाऱ्याच्या सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात रस्त्याची नोंद करून घ्या. जमीन विकली गेली की नवा मालक आधी सातबारा दाखवतो, आणि आदेशाची प्रत तोवर कुणाच्या तरी पेटीत असते.