जुने आरटीएक्स ३०८० घ्यावे की नवे आरटीएक्स ५०६०?

मध्यम बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवताना ग्राफिक्स कार्डापाशी येऊन अनेकांचा निर्णय अडतो. एकीकडे एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०८० असते. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरला आलेले हे कार्ड तेव्हा अनेकांच्या आवाक्याबाहेरचे होते आणि आज ते बहुतेक वापरलेलेच मिळते. दुसरीकडे मे २०२५ मध्ये २९९ डॉलरला आलेले आरटीएक्स ५०६० असते, जे दुकानातून सीलबंद खोक्यात, पक्क्या बिलासह घरी येते. वापरलेल्या मोठ्या कार्डाची किंमत उतरत उतरत नव्या लहान कार्डाच्या किमतीच्या खाली, पण फार खाली नव्हे, अशा जागी येऊन थांबली की ‘तेवढ्याच पैशांत मोठे का घेऊ नये?’ हा विचार मनात येतो, आणि तो चुकीचा नाही. मात्र या प्रश्नाचे उत्तर कार्डापेक्षा ते ज्या पीसीमध्ये बसणार आहे त्यावर अधिक अवलंबून असते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: ज्याचा मॉनिटर १०८०पी (१९२० × १०८० ठिपक्यांचा) आहे त्याने नवे कार्ड घ्यावे, ज्याच्याकडे १४४०पी (२५६० × १४४० ठिपक्यांचा) मॉनिटर आणि ७५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय आधीपासून आहे त्याने जुन्याचा गंभीरपणे विचार करावा, आणि एका विशिष्ट परिस्थितीत दोन्ही टाळावीत.

आधी निव्वळ ताकद पाहू. ३०८० मध्ये ८,७०४ कुडा कोअर (चित्राचे गणित करणारे छोटे घटक) आहेत, तर ५०६० मध्ये ३,८४०. हे आकडे पाहून जुने कार्ड दुप्पट वेगवान असेल असे वाटते, पण तसे होत नाही, कारण नव्या कार्डाचे कोअर बरेच अधिक वेगाने चालतात (बूस्ट घड्याळ सुमारे २.५ गिगाहर्ट्झ, तर ३०८० चे १.७१) आणि त्याच्या चिपवरचा कॅशे (सतत लागणारी माहिती जवळ ठेवणारा छोटा साठा) कितीतरी मोठा असल्यामुळे मेमरीकडे घालावे लागणारे हेलपाटे कमी होतात. तरीही मेमरीचा मार्ग रुंद असण्याचा फायदा जुन्याकडेच राहतो: ३२० बिटच्या मार्गावरून सेकंदाला ७६० जीबी, तर नव्या कार्डात जीडीडीआर७ ही ताजी मेमरी असूनही १२८ बिटच्या अरुंद मार्गावरून ४४८ जीबी. या सगळ्याचा परिणाम असा, की १०८०पीवर दोघांमधील फरक अनेक गेममध्ये डोळ्यांना जाणवत नाही, १४४०पीवर ३०८० साधारण पंधरा ते वीस टक्के पुढे जाते आणि रिझोल्युशन त्याहून वाढवले की हे अंतर आणखी रुंदावते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे गेम हाच मुख्य उद्देश असेल, तर ही चर्चा जवळजवळ निरर्थक ठरते. तिथे प्रोसेसर आधी दमतो आणि दोन्ही कार्डे त्याची वाट पाहत बसतात.

मेमरीच्या बाबतीत दोन्ही कार्डे थोडी लंगडी आहेत, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. ३०८० वर १० जीबी आहे, ५०६० वर ८ जीबी. जवळपास पाच वर्षांनंतर आलेल्या कार्डावर मेमरी कमी असावी, ही गोष्ट मला आजही पटत नाही, कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या, यापेक्षा बऱ्याच मंद असलेल्या आरटीएक्स ३०६० वरसुद्धा १२ जीबी होती. २०२३ मध्ये ‘हॉगवर्ट्स लेगसी’ आणि ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ हे गेम पीसीवर आले, तेव्हा ८ जीबीच्या कार्डांची कोंडी प्रथम ठळकपणे दिसली: सरासरी फ्रेम (सेकंदाला उमटणारी चित्रे) ठीक असूनही मध्येच झटके बसत, किंवा भिंतींवरचे आणि कपड्यांवरचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचे बारकावे, धूसर राहत. टेक्स्चरची पातळी ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’ किंवा ‘मीडियम’वर आणली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो, आणि १०८०पी मॉनिटरवर तो फरक फारसा खुपतही नाही. परंतु नवे कार्ड चार-पाच वर्षे चालवायचे असेल, तर ही तडजोड पहिल्या वर्षापासूनच करावी लागेल, याची जाणीव असू द्यावी.

येथेच एक असा मुद्दा येतो, ज्याकडे खरेदी करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष जात नाही. ३०८० मदरबोर्डाशी पीसीआय एक्सप्रेसच्या १६ मार्गिकांनी जोडले जाते, ५०६० केवळ ८ मार्गिकांनी. मदरबोर्ड नवा असेल तर या ८ मार्गिका पुरेशा वेगवान असतात. पण बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर, किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत, त्या पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या, मंद आवृत्तीच्याच वेगाने चालतात. गेम ८ जीबीच्या मर्यादेत बसत असेल, तोपर्यंत नुकसान किरकोळ असते. मर्यादा ओलांडली की उरलेली माहिती संगणकाच्या रॅममध्ये जाते आणि ती त्या निम्म्या रुंदीच्या जुन्या रस्त्याने ये-जा करू लागते. मग खेळताना जे झटके बसतात, त्यांवर सेटिंग्ज कमी करण्यापलीकडे दुसरा इलाज नसतो. म्हणजे जुन्या पीसीला नवसंजीवनी देण्यासाठी नवे कार्ड आणणाऱ्यालाच त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही, आणि जुन्या बोर्डाशी जुन्या कार्डाचेच सूत अधिक जुळते.

नव्या कार्डाच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असते ते डीएलएसएस ४ (एनव्हिडियाचे चित्र सुधारणारे आणि फ्रेम वाढवणारे तंत्र) आणि त्यातील फ्रेम निर्मिती, म्हणजे खऱ्या दोन फ्रेमच्या मध्ये चिपने स्वतः तयार केलेल्या जास्तीच्या फ्रेम घालणे. याबाबत दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. कमी रिझोल्युशनवरून चित्र मोठे आणि स्वच्छ करणारा भाग, त्याच्या सुधारित आवृत्तीसह, ३०८० वरही चालतो. फ्रेम निर्मिती मात्र ४० मालिकेपासून (५०६० च्या आधीच्या पिढीपासून) पुढे आणि एकापेक्षा अधिक फ्रेम घालण्याची सोय केवळ ५० मालिकेतच आहे. ही सोय उपयोगी आहे, पण मुळात फ्रेम सेकंदाला पन्नास-साठच्या आसपास असतील तरच; पंचवीस फ्रेमवर अडखळणारा गेम तिने दिसायला गुळगुळीत होतो, हातांना मात्र तो जडच लागतो, कारण माउस हलवणे आणि पडद्यावर ते उमटणे यांतील विलंब कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. शिवाय ही निर्मिती स्वतःही थोडी मेमरी खाते, आणि तीच तर ५०६० वर तोकडी आहे. त्यामुळे जाहिरातीतील फ्रेमच्या आकड्यांवरून दोन कार्डांची तुलना करू नये. ३०८० घेणाऱ्याला एएमडीची एफएसआर फ्रेम निर्मिती, ज्या गेममध्ये ती दिलेली आहे तिथे, वापरता येते. खेळ चित्रित करून प्रसारित करणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा आहे: ५०६० एव्ही१ स्वरूपात व्हिडिओ तयार करू शकते, ३०८० तो केवळ वाचू शकते.

आता विजेकडे वळू, कारण तुलनेचे पारडे इथे सर्वाधिक झुकते. ३०८० ची अधिकृत वीजमर्यादा ३२० वॅट आहे, ५०६० ची १४५ वॅट. फरक १७५ वॅटचा. रोज चार तास खेळणाऱ्याच्या घरी वर्षाला सुमारे २५५ युनिट जास्त लागतील. हिशेबापुरता दहा रुपये युनिट असा दर धरला, तर वर्षाला अडीच हजारांहून थोडे अधिक आणि तीन वर्षांत साडेसात हजारांच्या पुढे. सुट्टीच्या दिवशीच खेळणाऱ्यासाठी ही रक्कम क्षुल्लक होते, म्हणून प्रत्येकाने स्वतःचे तास मांडून पाहावेत. बिलापेक्षा मला इतर परिणाम जास्त महत्त्वाचे वाटतात. ३०८० साठी एनव्हिडिया ७५० वॅटच्या पॉवर सप्लायची शिफारस करते आणि ती अतिशयोक्त नाही, कारण हे कार्ड क्षणभरासाठी आपल्या मर्यादेच्या बरेच वर उसळी घेते आणि हलका पॉवर सप्लाय त्या झटक्यासरशी पीसी बंद करतो. ५०६० साठी ५५० वॅट पुरतात.

आपल्याकडे त्यात यूपीएसची भर पडते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचाच भार उचलतो. ५०६० असलेला पीसी खेळताना त्यात बसू शकतो. ३०८० असलेला पीसी एकटे कार्डच तीनशेच्या पुढे जात असल्यामुळे बसत नाही, आणि वीज गेल्यावर सेव्ह करायला मिळणारे ते दोन मिनिटेही हातचे जातात. जिथे खेळता खेळता वीज जाणे नवलाचे नाही, तिथे मोठ्या यूपीएसचा खर्च ३०८० च्या किमतीतच धरावा. उष्णतेचेही तसेच. ३२० वॅट म्हणजे अखेर तेवढीच उष्णता, जी कॅबिनेटमधून बाहेर पडून खोलीतच राहते. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात पंख्याखाली बसून खेळणाऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

वापरलेल्या ३०८० च्या भूतकाळाचाही विचार करावा लागतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर नाणी खणण्याची (गणिते सोडवून ती मिळवण्याची) पद्धत बंद करेपर्यंत हे कार्ड खणणाऱ्यांचे लाडके होते आणि त्यांपैकी कित्येक कार्डे नंतर बाजारात आली. खाणकामात वापरलेले कार्ड आपोआप वाईट ठरत नाही. चिप स्थिर तापमानात चालली असेल तर ती टिकते. खरी काळजी जीडीडीआर६एक्स मेमरीची असते, कारण ती मुळातच तापट आहे आणि तिच्यावरचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणारे मऊ तुकडे) वाळले की तिचे तापमान झपाट्याने वर जाते. म्हणून विक्रेत्याच्या घरी किंवा दुकानात जाऊन, पीसी चालू करवून घेऊनच खरेदी करावी. कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड उघडून ८,७०४ शेडर (म्हणजेच कुडा कोअर) आणि ३२० बिट हे आकडे जुळतात का ते पाहावे, कारण लॅपटॉपची चिप बसवलेली कार्डेही ३०८० या नावाने फिरतात. मग एखादा जड गेम किंवा चाचणी किमान वीस मिनिटे चालू ठेवून एचडब्ल्यू-इन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मेमरीचे तापमान बघावे. ते १०५ अंशांच्या वर जात असेल, तर पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा किंवा सरळ उठावे. ११० च्या आसपास मेमरी स्वतःच वेग कमी करू लागते. पडद्यावर ठिपके, चौकडे किंवा भलते रंग दिसले, तर वाटाघाटीचा प्रश्नच उरत नाही. ‘घरी नेऊन बघा, काही झाले तर फोन करा’ या आश्वासनावर मी एकदा विसंबलो होतो. तो फोन नंतर कोणी उचलला नाही.

वॉरंटीच्या बाबतीत तुलना एकतर्फी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक कार्डांना साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, त्यामुळे २०२० ते २०२२ दरम्यान विकलेली ३०८० कार्डे आता तिच्या बाहेर गेली आहेत. ड्रायव्हरची भीती मात्र तूर्त बाळगू नये. २०१६ साली आलेल्या पास्कल पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर २०२५ पर्यंत मिळत राहिले. त्याच मापाने पाहिले तर २०२० च्या ३०८० पुढे अजून काही वर्षे आहेत. हीच गोष्ट उलट बाजूने त्याच पास्कल पिढीतील जीटीएक्स १०८० टीआयला लागू होते. ११ जीबी मेमरीमुळे ते आजही स्वस्तात मोहात पाडते, परंतु त्यात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्याचे) हार्डवेअर नाही आणि ‘डूम: द डार्क एजेस’ सारख्या गेमना ते अनिवार्य असल्यामुळे इतके मागे जाणे मी सुचवणार नाही.

किमतीचा माझा ठोकताळा असा आहे. हिशेबापुरते नवे ५०६० तीस हजारांचे धरले, तर त्यातून तीन वर्षांची जादा वीज आणि नसलेल्या वॉरंटीची जोखीम वजा करून ३०८० ला वीस हजारांच्या वर जाऊ नये, म्हणजेच नव्याच्या दोन तृतीयांश. १४४०पीवर मिळणारा जास्तीचा वेग ही मग त्या व्यवहारातील खरी कमाई ठरते. पॉवर सप्लायही नवा घ्यावा लागणार असेल, तर ही कमाई तिथेच संपते.

राहिली ती तिसरी परिस्थिती: मॉनिटर १४४०पी आहे, पण पॉवर सप्लाय ६०० वॅटचा आहे आणि कॅबिनेट इतके लहान आहे की बहुधा तीस सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि दोन ते तीन स्लॉट जाडीचे ३०८० त्यात मावणारच नाही. अशा वेळी ५०६० ची ८ जीबी मेमरी कमी पडते आणि ३०८० ला वीज कमी पडते. थोडे थांबून, आणखी पैसे जमवून १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय घ्यावे. १८० वॅटमध्ये ते ३०८० च्या बरेच जवळ पोहोचते. फक्त पैसे देण्यापूर्वी खोक्यावर १६ जीबी छापलेले आहे याची खात्री करावी, कारण त्याच नावाने ८ जीबीचे कार्डही विकले जाते.