मुलाच्या ऑपरेशनआधी पोट साफ करणं: पेग, एनिमा की काहीच नाही?

हर्निया किंवा टॉन्सिलसाठी पोट साफ करावं लागत नाही, सांगितलेल्या वेळी उपाशी ठेवलं की झालं. प्रश्न येतो तो मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनला: स्टोमा (शी बाहेर येण्यासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) बंद करायचा असेल, हर्शस्प्रंग (जन्मतःच आतड्याच्या टोकाला मज्जापेशी नसल्याने शी अडकण्याचा आजार) असेल तेव्हा. नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत दाखवा नाहीतर धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात, निवड याच तीन पर्यायांतून होते: पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पोट साफ करायचं पिण्याचं औषध), एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचं औषध) किंवा काहीच नाही.

पेगचं पाणी आतड्यात शोषलं जात नाही, त्यात क्षारही मोजून घातलेले असतात. त्यामुळे रक्तातले क्षार त्या मानाने कमी बिघडतात. अडचण आहे ती प्रमाणाची. साधारण हिशेब तासाला किलोमागे २५ मिली. म्हणजे १० किलोच्या लेकराला तासाला पाव लिटर, तेही शी पिवळसर पाण्यासारखी होईपर्यंत, कित्येक तास. एवढं खारट पाणी कोणतं मूल पिणार? मग नाकातून नळी. पोट फुगतं, मळमळतं, उलटी होते. ती श्वासनलिकेत गेली तर प्रकरण गंभीर. आतड्याला अडथळा असेल तर पेग नकोच.

फॉस्फेटचा एनिमा झटपट काम करतो, म्हणून सोपा वाटतो. मला तिघांत जास्त धास्ती याचीच. तो आत अडकून राहिला तर रक्तात फॉस्फेट चढतं, कॅल्शियम उतरतं, झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाला तो देऊच नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. किडनीचा आजार किंवा हर्शस्प्रंग असेल तर मोठ्या मुलालाही नको. हर्शस्प्रंगमध्ये कोमट नॉर्मल सलाइनने आतडं धुतात, ते चालतं. नळाच्या साध्या पाण्याने मात्र सोडियम घसरतं, आणि साबणाच्या पाण्याने आतडं सोलवटतं. घरी कोणी सुचवलं तरी ऐकू नका.

तिसरा पर्याय, काहीच न करणं. मुलांवरच्या अभ्यासांत पोट साफ न केल्याने जखमेचा संसर्ग किंवा टाके गळणं वाढल्याचं ठोस दिसलेलं नाही. शिरेतून अँटिबायोटिक तर तसंही देतात. म्हणून सर्जनला आधी हेच विचारा, “न करता चालेल का?” काहींना शस्त्रक्रियेच्या जातीप्रमाणे रिकामं आतडं लागतंच, तेव्हा हट्ट नको.

पेग ठरलंच तर दवाखान्यात भरती करूनच घ्या, आणि सलाइन सोबत लागेल का ते विचारा. मे महिन्यात ४५ अंशांत आधीच पाणी कमी पडलेलं असतं. तान्ह्या बाळाची साखरही उपाशीपोटी पटकन उतरते. लघवी थांबली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, लेकरू मलूल पडलं, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता सिस्टरला लगेच उठवा.