चेरोकीच्या बाजारात घेतलेली टोपली

गेल्या ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन आम्ही शार्लटहून ग्रेट स्मोकी पर्वत पाहायला गेलो आणि उत्तर कॅरोलिनातल्या, चेरोकी या मूलनिवासी जमातीच्या चेरोकी नावाच्याच गावी मुक्काम केला. मुख्य रस्त्यावरच्या एका दुकानाबाहेर पिसांचा शिरपेच आणि टिपी तंबू मांडलेला होता. या दोन्ही वस्तू चेरोकींच्या नसून पश्चिमेकडील मैदानी जमातींच्या आहेत, एवढ्यावरूनच मी सावध व्हायला हवे होते. विक्रेत्याने एक टोपली पुढे केली, ती इथल्याच एका आजीबाईंनी रिव्हरकेनपासून विणल्याचे सांगितले आणि १४० डॉलर घेतले.

संध्याकाळी खोलीवर आईने ती हातात घेऊन उलटी केली आणि म्हणाली, "अरे, हा तर वेत आहे." रिव्हरकेन हा तिथला नदीकाठचा देशी बांबू. त्याच्या कामट्या चपट्या निघतात आणि त्यांना एका बाजूने सालीची चकाकी असते; आमच्या टोपलीतले धागे मात्र गोल होते. ओला रुमाल फिरवताच त्याला तपकिरी रंग लागला. काळ्या अक्रोडाचा आणि ब्लडरूटच्या मुळांचा काढा करून, त्यात कामट्या उकळून चढवलेला रंग असा सुटत नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

त्या दिवशी आम्ही क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअल या १९४६ साली स्थापन झालेल्या, चेरोकी कारागिरांच्याच सहकारी संस्थेत गेलो. आत-बाहेर दोन थरांत सलग विणलेली तिथली टोपली पाहून आई बराच वेळ काचेपाशी उभी राहिली. किमती पाहिल्यावर १४० डॉलरला रिव्हरकेनची एवढी टोपली मिळणेच कसे अशक्य आहे, तेही उमगले.

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानुसार मूलनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डाकडे करता येते. परंतु माझ्या पावतीवर केवळ 'बास्केट' असे होते आणि आजीबाईंची गोष्ट तोंडी होती. म्हणून जाणाऱ्यांना विनंती अशी, की कारागिराचे नाव, जमात आणि वस्तू कशाची आहे हे पैसे देण्याआधी पावतीवर लिहून मागावे, आणि विक्रेता का-कू करू लागला तर तिथूनच मागे फिरावे. मी टोपली परत करायला गेलो, तेव्हा 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी मला दाखवण्यात आली. ती आदल्या दिवशीही तिथेच होती.